कापलेली बातमी

भर दुपारी फडताळ आवरायला घेतलं आणि काम तिथंच अडलं. डब्यांखालचा जुना पेपर हाती लागला. त्यावर तेलाचा गोल डाग, आणि डागाच्या अलीकडे कुठल्याशा नगरपालिकेतली जोरदार भांडणं. उकिडवं बसून सगळं वाचलं. पलीकडे काय झालं, ते तेलाला माहीत.

ही खोड लहानपणची. वाण्याकडच्या पुड्यांचा दोरा आजी सोडवून रिळाला गुंडाळायची, साखर डब्यात जायची आणि कागद मला मिळायचा. खुनाची बातमी हमखास 'पोलिसांनी आरोपीला' इथंच फाटलेली. पुढचं मी मनानं रचायचो. त्यात आरोपी बहुतेक वेळा निसटायचा. अखंड पेपर मला अजूनही तितकासा रुचत नाही.

म्हणूनच असेल, क्युबिझममधलं, म्हणजे वस्तू तुकड्यांत मोडून दाखवणाऱ्या चित्रशैलीतलं, मला फारसं कळत नसलं तरी चिकटवलेल्या कागदांच्या चित्रांशी आपलं जमतं. कागद डकवायची सुरुवात फ्रेंच चित्रकार ब्राकनं केली. हा घरं रंगवणाऱ्यांच्या घराण्यातला, लाकडाच्या रेषा हुबेहूब काढायला शिकलेला. १९१२ च्या सप्टेंबरात त्यानं फ्रान्समधल्या आविन्यों शहरातल्या दुकानातून ओकच्या लाकडासारखा दिसणारा भिंतीचा कागद आणला आणि तो कापून थेट चित्रात डकवला. हातात एवढं कसब असून रेडिमेड लाकूड! मला तर हे आळसाचं फार वरच्या दर्जाचं रूप वाटतं. पिकासोनं त्याच वर्षी, त्याच्याही आधी, कागद नव्हे पण वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात लावून भोवती चक्क दोरखंड गुंडाळला होता.

मग पिकासोनं पेपरला कात्री लावली. नोव्हेंबरातल्या एका चित्रात गिटार, गाण्याचं पान, पेला आणि कोपऱ्यात 'ल जुर्नाल' या फ्रेंच पेपरचा तुकडा. मथळा: लढाई जुंपली. मूळ मथळा पुढे सांगत होता की ती चाताल्जाच्या संरक्षक फळीवर, निकरानं. कॉन्स्टँटिनोपलच्या उंबऱ्यावर बल्गेरियन आणि तुर्की सैन्य भिडलं होतं. पिकासोनं तो भाग उडवला. पेपरचं नावही 'ल जु'वर तोडलं. आमच्या वाण्याला हे दाखवायला हवं होतं.

तो कागद आता चांगलाच पिवळा पडलाय. स्वस्त वर्तमानपत्राचा कागद तो, पडणारच. त्याच सुमारास त्यानं 'सूझ' नावाच्या मद्याच्या बाटलीचं असंच एक चित्र केलं. निळं टेबल, बाटली, पेला, आणि भोवती पेपरचे रकाने. अभ्यासकांनी ते बारीक अक्षर वाचून काढलंय. मुद्दाम निवडलं की हाताला आलं ते लावलं, यावर त्यांचे वाद चालूच आहेत. मला वाटतं, कात्री चालवताना तो वाचत होता. पेपर कापताना न वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

त्या रकान्यांत एक बातमी पटकीनं मरणाऱ्या तुर्की सैनिकांची आहे. ती अर्धवट कापलेली नाही. चांगली वाचता येते.