जोड गळत नाही, मग पिशवी कशाला?

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून थिएटरबाहेर आलो की हा प्रश्न ठरलेला. "आतड्याचा जोड तपासला म्हणता, गळत नाही म्हणता, मग पोटावर मळाची पिशवी का लावली?" ऑक्टोबरात एका यंत्रमाग कामगाराने वडिलांसाठी हेच विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाठीचा भाग काढल्यावर वरचं आतडं खाली आणून स्टेपलरने जोडतात. स्टेपलर बाहेर काढला की त्यात आतड्याच्या दोन चकत्या निघतात, मेदूवड्यासारख्या, मधे भोक असलेल्या. त्या मी बोटावर फिरवून बघतो. कडी कुठे तुटलेली असली तर जोडातही खोट असू शकते. मग ओटीपोटात सलाइन भरून जोड बुडवायचा, वरचं आतडं हलकेच दाबून धरायचं आणि खालून हवा सोडायची. थेट पंक्चरच्या दुकानातली पद्धत! त्या अर्ध्या मिनिटात थिएटरमध्ये कुणी बोलत नाही, भूलतज्ज्ञसुद्धा मान उंचावून पाण्याकडे बघतात. बुडबुडा दिसला तर जादा टाके, नाहीतर जोडच नव्याने.

पण ट्यूब रबराची असते, आतडं जिवंत. पाण्याला फक्त आजचं भोक कळतं. कडेला रक्त कमी पोचत असेल तर आज घट्ट असलेला जोड पाचव्या-सहाव्या दिवशी सुटू शकतो. म्हणून कापलेल्या कडेतून ताजं रक्त येतंय ना, ते बघतो. सोय असेल तिथे शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग देतात, खास कॅमेऱ्यात रक्त पोचलेलं आतडं मिनिटभरात उजळतं. शिवाय जोडावर ओढ नको. ती टाळायला प्लीहेजवळचं आतड्याचं वळण सोडवून घेतो. हे त्या कामगाराला सांगावंच लागलं नाही. "ताणल्या धाग्याची गाठ मागावर टिकत नाही," तोच म्हणाला.

एवढं करूनही गुदद्वाराजवळचे जोड शंभरात साधारण पाच ते पंधरा जणांचे गळतात. विडी-सिगारेट, आधी घेतलेलं रेडिएशन यांनी धोका वाढतो. माझ्या एका पेशंटला बुडबुडा आला नव्हता, म्हणून मी पिशवी लावली नाही. पाचव्या दिवशी ताप, नाडी १२०, पोट फुगलेलं. रात्री पुन्हा पोट उघडावं लागलं. ते वाचले, पण महिनाभर घरी जाऊ शकले नाहीत. तेव्हापासून अगदी खालच्या जोडाला पिशवी लावताना मी घासाघीस करत नाही.

पिशवीत लहान आतड्यातूनच मळ बाहेर पडतो, त्यामुळे जोडाला विसावा मिळतो. गळती पिशवीने थांबेलच असं नाही, पण झाली तरी सहसा जिवावर बेतत नाही. दोन-तीन महिन्यांनी जोड पुन्हा तपासून पिशवी बंद करतात. केमो लागली तर आणखी थांबावं लागतं.

"गड्ड्याच्या जत्रेपर्यंत होईल का बंद?" त्या कामगाराचा शेवटचा प्रश्न. ही सोलापूरची जत्रा, जानेवारीत संक्रांतीला भरते.

जोड नीट दिसला तर होईल, म्हटलं. भजी मात्र पुढच्या जत्रेत.