तुम्ही विचारलंत म्हणून: बजेट कमी आहे, सेकंडहँड डिझेल कुठली घेऊ?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक नाव हवं असतं, अमुक कंपनीची अमुक गाडी घे आणि निर्धास्त हो, असं. मी उलट विचारतो की रोज किती चालवणार, तर लोकांना वाटतं हा विषय टाळतोय. टाळत नाहीये. जुनी डिझेल कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा ती आजवर कशी चालली आणि तुमच्याकडे आल्यावर कशी चालणार यावर सगळं ठरतं, आणि चांगल्या नावाच्या गाडीत साठवलेले पैसे घालून नंतर गॅरेजच्या चकरा मारणारी माणसं मी पाहिलीयत म्हणून हे इतकं जोर देऊन सांगतोय.

तर आधी रनिंग. रोजचं जाणंयेणं चार-पाच किलोमीटरचं, तेही गर्दीतलं, आणि हायवेला गाडी क्वचितच लागणार असेल तर डिझेल घेऊच नका, त्याच बजेटमध्ये साधी पेट्रोल बघा. डिझेल इंजिन सावकाश तापतं, आणि युरोपचे युरो 5 हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून, म्हणजे साधारण 2009 नंतर, जिथे जिथे ते किंवा त्यापुढचे नियम लागू झाले तिथल्या डिझेल गाड्यांना डीपीएफ आला. हा सायलेन्सरच्या लाइनमधला फिल्टर, धुरातली काजळी पकडून ठेवतो आणि भरत आला की ती जाळून टाकतो, त्यासाठी फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. तुम्ही मध्येच पोचलात आणि गाडी बंद केलीत की ते काम अर्धवट राहतं. फिल्टर तापवायला बऱ्याच इंजिनांत जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं, रोज असंच चाललं की ऑइल पातळ होतं आणि पातळ ऑइलवर टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग फार दिवस काढत नाही. म्हणजे सुरुवात झाली छोट्या फेऱ्यांनी आणि बिल आलं टर्बोचं. गाडीत कंपनीचा दोष काहीच नव्हता.

म्हणूनच पन्नास हजार किलोमीटर झालेली, फक्त शहरात फिरलेली डिझेल आणि पावणेदोन लाख झालेली, हायवेवर पळालेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली डिझेल अशा दोन समोर उभ्या असतील तर मी दुसरीकडे जाईन. मीटरवरचा मोठा आकडा बघून लोक घाबरतात, आणि कमी आकडा दिसला की विचारायचंच विसरतात. तो कमी आकडा खरा आहे का हेही बघावं लागतं. स्टिअरिंगचं कव्हर गुळगुळीत झालंय, क्लच पेडलचं रबर झिजलंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय आणि मीटर म्हणतोय चाळीस हजार, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, ते ओळीने वाढत गेलेत का पाहा.

आता इंजिन. बाहेरचा बिल्ला वेगळा आणि आतलं इंजिन तेच, असं डिझेलमध्ये फार आहे. 1.3 मल्टिजेट हे 2003 मध्ये आलेलं इंजिन फियाट, ओपेल, सुझुकी, टाटा सगळ्यांच्या गाड्यांत गेलं. रेनॉचं 1.5 डीसीआय निसान, डाचिया इतकंच काय मर्सिडीजच्या छोट्या गाडीतही बसलं. प्यूजोचं 1.6 एचडीआय फोर्ड, व्होल्वो, माझ्दाने वापरलं. त्यामुळे मॉडेल नंतर, आधी आत कुठलं इंजिन आहे ते शोधा आणि त्याचं दुखणं काय ते माहीत करून घ्या. मल्टिजेटमध्ये ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावतं, ते बदलायला उशीर झाला की टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व यांचा मेळ राखणारी साखळी, ताणली जाते आणि इंजिन सुरू होताना खडखड ऐकू येते. 1.6 एचडीआयच्या आधीच्या इंजिनांत इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारा भाग, त्याच्याखालचं तांब्याचं वॉशर गळायला लागलं की काजळी ऑइलमध्ये जाते, गाळ साठतो, टर्बोकडे जाणारी बारीक नळी तुंबते आणि टर्बो जातो, नवा टर्बो बसवला आणि गाळ तसाच ठेवला तर तोही जातो. आणि 2007 नंतरच्या बीएमडब्ल्यूच्या एन 47 इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, ती बदलायची तर सहसा इंजिनच खाली उतरवावं लागतं, म्हणून कमी बजेटवाल्याने स्वस्तात मिळतेय म्हणून त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. यातलं कुठलंच इंजिन मुळात टाकाऊ नाही, पण मल्टिजेट आणि एचडीआयची ही दुखणी बघा, दोन्हीत शेवटी ऑइलच येतं.

बघायला जाल तेव्हा गाडी थंड हवी. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या, अवघड वाटतं पण या. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल पेट घेतं, त्यामुळे कंप्रेशन, म्हणजे तो दाब, उतरलं असेल, थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग गेले असतील किंवा इंजेक्टर थकले असतील तर ते थंड स्टार्टलाच कळतं, गरम इंजिनावर हे सगळं झाकलं जातं. सेल्फ मारल्यावर किती वेळ घेते, सुरू झाल्यावर मिसिंग करते का, आणि मागे कोणाला तरी उभं करून धूर बघायला सांगा. पांढरा धूर आला आणि लगेच गेला तर हीटर प्लग कमजोर असू शकतात, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय का अशी शंका घ्या, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, आणि पिकअप घेताना काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त, मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व), टर्बोचे पाइप, इंजेक्टर हे सगळं बघणं आलं.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर चालेल, पण ते उड्या मारायला लागलं आणि आतून भकाभका वाफ यायला लागली तर गॅरेजवाले ज्याला बॅक कंप्रेशन म्हणतात ते आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तिथून निघा. (काही इंजिनांत झाकण काढलं की ऑइल बाहेर उडतं, म्हणून आधी विचारून घ्या आणि चेहरा लांब ठेवा.) डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. त्याचा वास घ्या आणि लेव्हल बघा. वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर वर सांगितलेलं डीपीएफचं दुखणं तिथे आहे.

डीपीएफ जागेवर आहे का हे बघायला सायलेन्सरच्या तोंडात, अर्थात गाडी थंड असताना, बोट फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं, काजळीने काळं झालं तर फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी आतला भाग काढून नुसता डबा ठेवलाय. असं काढणं बऱ्याच ठिकाणी बेकायदेशीर आहे आणि तपासणीत अडकलात तर निस्तरायचं तुम्हाला.

चालवताना एक क्लचची परीक्षा जरूर करा, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरला कमी वेगात एकदम ॲक्सिलरेटर दाबा, आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. नुसता क्लच एक वेळ परवडेल, पण बऱ्याच डिझेलमध्ये क्लचला लागून ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे झटके शोषणारं दोन भागांचं जड चाक, असतं आणि ते बरोबर बदलावं लागलं तर खर्च दुपटीवर सहज जातो. ते जायला आलं की न्यूट्रलमध्ये खडखडतं आणि गाडी बंद करताना ठक्कन झटका देतं.

यानंतर मात्र एखाद्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी दाखवाच, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या. एक स्कॅनर लावणं, कारण डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे लाइट विझवून ठेवलेले असतात, आणि गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड नुकतेच उडवलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात, हे स्कॅनरवर कळतं. दुसरी इंजेक्टरची लीक ऑफ टेस्ट, प्रत्येक इंजेक्टरचं परत येणारं डिझेल वेगवेगळ्या नळीत धरतात, एक नळी बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर गेला. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, हजार बारच्या वरच्या दाबाने डिझेल येतं, आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात, त्यामुळे इंजेक्टर स्वस्तात कधीच सुटत नाही. ही टेस्ट करू द्यायला विकणारा तयार नसेल तर किंमत कितीही गोड असो, मी ती गाडी घेणार नाही.

पैशांचं एवढंच, सगळं बजेट गाडीत घालू नका. माझ्या मते पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवा. इंजिनात चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल आणि तो बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा, कारण तो तुटला की पिस्टन व्हॉल्ववर आदळतात आणि इंजिन संपतं. बेल्टसोबत वॉटर पंपही टाकून घ्या, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर हे पहिल्याच आठवड्यात, आधीच्या मालकाने कालच बदललं म्हणून सांगितलं तरी. आणि तुमच्या शहरात जुन्या डिझेलवर बंदी किंवा जादा कर आहे का, पुढच्या दोन-चार वर्षांत येणार आहे का, हे टोकन देण्याआधी बघा, नंतर नाही.