जुना लाकडी हाफ प्लेट कॅमेरा घेतला, त्याचा अनुभव

जुना लाकडी कॅमेरा घ्यायचा असेल तर आधी स्लाइड बघा, लेन्स बिन्स नंतर. स्लाइड म्हणजे काच नाहीतर फिल्म भरून कॅमेऱ्याच्या मागे सरकवतात तो चपटा लाकडी डबा. लाकडाला पॉलिश गावातला सुतार मारून देतो, पितळ चिंचेनं घासलं की चमकते, पण स्लाइड नसली तर तो कॅमेरा दिवाणखान्यात ठेवायच्या कामाचा. आणि दुसऱ्या कॅमेऱ्याची बसवू म्हणाल तर ते बहुतेक जमत नाही, कारण हाफ प्लेट म्हणजे ४¾ बाय ६½ इंच हे माप काचेचं ठरलेलं होतं, पण तिच्याभोवतीची लाकडी चौकट प्रत्येक कारखानदार आपापल्या मनानं करायचा. ४ बाय ५ इंचाच्या नंतरच्या कॅमेऱ्यांना ही भानगड नाही, त्यांचे होल्डर, म्हणजे त्यांच्या स्लाइड, एकमेकांना चालतात, पण तसा चांगला कॅमेरा बाहेरून मागवायचा म्हणजे किंमत वेगळी, कस्टम वेगळं, आणि इकडं सोयाबीनचे भाव तुम्हाला माहीतच आहेत.

मी दारव्ह्याकडचा. शेती आहे, उरलेल्या वेळात फोटोचा नाद. शकुंतला रेल्वेची जुनी स्टेशनं मोठ्या निगेटिव्हवर काढून ठेवायची असं बरेच दिवस डोक्यात होतं, ती अडीच फुटी गेजची लाइन, यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तिथून पुढे अचलपूर, गाडी बंद पडली आणि दारव्हा मोतीबागसारखी स्टेशनं नुसती उभी आहेत. डिजिटलवर काढलेत मी, पण इमारत उंच असली की कॅमेरा वर करावा लागतो आणि भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. लाकडी कॅमेऱ्यात मागची काच सरळ उभी ठेवून फक्त लेन्सची पाटी वर सरकवता येते, भिंती सरळच राहतात.

ऑनलाइन शोधायला बसलो तर 'अँटिक' लिहिलेले दहा कॅमेरे दिसले त्यातले निम्मे नवीन बनवलेले शोपीस, आत भाता (लेन्स आणि मागची काच जोडणारी घड्याघड्यांची पिशवी) म्हणून रेक्झिनचा तुकडा आणि लेन्सच्या जागी नुसती पितळी नळी. एकानं फोटोत पॉलिश इतकं मारलं होतं की स्क्रूच्या खाचासुद्धा भरून गेल्या होत्या. त्याला म्हटलं मागून फोटो पाठवा, स्लाइडचा पाठवा, तर म्हणे स्लाइड म्हणजे काय. तिथंच विषय संपला.

मग अचलपूरकडच्या एका ओळखीच्या मास्तरांनी सांगितलं की तिकडं एक बंद पडलेला स्टुडिओ आहे, वडिलांच्या काळातला कॅमेरा घरात पेटीत पडून आहे. गेलो कारंजा, अमरावती करत एसटीनं. शकुंतला चालू असती तर त्याच लाइननं गेलो असतो, वेळ दुप्पट लागला असता ते सोडा.

काका सत्तरीच्या पुढचे. पेटी काढली, धूळ झटकली आणि म्हणाले, "लंडनचा हाय बाप्पा. माह्या बुढ्यानं मुंबईवरून आनला होता." कंपनीची पट्टी निघून गेलेली, नुसती दोन भोकं. असेलही लंडनचा, इंग्रज कंपन्या आपल्याकडच्या उन्हासाठी महागनीऐवजी सागवानाचे, कोपऱ्याकोपऱ्याला पितळ मारलेले कॅमेरे वेगळे बनवायच्याच. पण आपल्याकडंही बनायचे, केरळात अलेप्पीचा वागेश्वरी कॅमेरा तर भारतभर स्टुडिओवाल्यांकडं होता. मला त्या नावाचे पैसे द्यायचे नव्हते म्हणून मी त्यावर काही बोललो नाही.

स्लाइड मागितल्या. दोन निघाल्या, बाजूला छोट्या पांढऱ्या चकत्यांवर नंबर, एकीवर १-२, दुसरीवर ५-६. म्हणजे मधली ३-४ गेली. पुस्तकासारखी उघडते ही स्लाइड, दोन्ही बाजूला एक एक काच बसते, वर सरकणारा लाकडी पडदा, आणि पडदा बाहेर काढल्यावर मागे दुमडता यावा म्हणून त्याला कापडी सांधा असतो. हा सांधाच आधी सडतो आणि तिथून उजेड जातो. ५-६ चा सांधा बोट लावलं तर भुगा पडला, १-२ चा ठीक. दोन्ही स्लाइड कॅमेऱ्यात सरकवून पाहिल्या, घट्ट बसल्या, हलल्या नाहीत. इथं मला अर्धा जीव आला.

मग माप. फोकस करायची दुधी काच आणि स्लाइडमधल्या फिल्मचा पृष्ठभाग लेन्सपासून एकाच अंतरावर पाहिजे, नाहीतर काचेवर शार्प दिसेल आणि निगेटिव्ह धूसर येईल. स्लाइडवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून व्हर्नियरनं आत काचेपर्यंत खोली मोजली, तशीच मागच्या फ्रेमची मोजली. जुळलं. काका बघत होते, म्हणाले, "आमी कधी मोजलं नाई बा, फोटो तं चांगलेच निंघत." खरंच होतं ते, त्यांच्या वडिलांनी मोजमाप जुळलेलाच कॅमेरा घेतला होता ना. त्यांची दुधी काच मात्र फुटलेली, साधी काच लावून ठेवलेली, मी बटर पेपर नेला होता तो चिकटवून उलटं चित्र पाहिलं. समोरचा कडुनिंब डोक्यावर उभा, काकू खुर्चीवर बसल्या होत्या त्या पण उलट्या, त्यांना बोलावून दाखवलं तर म्हणाल्या लग्न झाल्यापासून या घरात आहे पण यातून आजच पाहिलं.

भाता तपासायला खोली अंधारी करून लेन्सची पाटी काढून मोबाइलचा टॉर्च आत घातला आणि बाहेरून एक एक घडी फिरून पाहिली. मागच्या दोन कोपऱ्यांत उजेड आला. कोपरेच फाटतात, दर वेळी घडी तिथंच मोडते. बाकी चामडं जिवंत होतं, कडक झालं नव्हतं, आपल्याकडच्या मे महिन्यात हे टिकलं म्हणजे पेटी थंड जागेत होती. उधई नाही, भुंग्याची भोकं नाहीत. लेन्स पितळी, रॅपिड रेक्टिलिनिअर नावाच्या जातीची, १८६६ पासूनचं डिझाइन, शटर नाहीच, टोपी काढायची आणि लावायची. काचेच्या कडेला थोडी बुरशी होती, मधे स्वच्छ.

भाव पंचवीस हजार सांगितला. म्हणे नागपूरचा एक जण तेवढे देतो.

"मग त्याला दिला का नाही काका?"

आतून काकू, "तो आलाच नाई."

नऊ हजारात ठरलं. पाडून मागितला असं वाटू नये म्हणून फुटलेली काच, भाता, एक स्लाइड सगळं समोर दाखवून सांगितलं. काकांनी टोपी आणि काळं कापड पण दिलं, हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या केमिकलचा, जुना डबा देत होते तो नाही घेतला. त्यांच्या वडिलांच्या काचेच्या निगेटिव्ह पण होत्या, शाळेचे ग्रुप बिप, त्या मात्र विकू नका म्हटलं.

घरी आल्यावरचं काम सोपं होतं. भात्याच्या कोपऱ्यांवर फेविकॉलमध्ये काळा ॲक्रिलिक रंग मिसळून पातळ कापडाच्या पट्ट्या बसवल्या. काचवाल्याकडून २ एमएमची काच कापून आणली आणि पाणी टाकून कार्बोरंडम पावडरनं घासून दुधी केली, खरखरीत बाजू लेन्सकडं करून लावली. खालच्या पितळी चकतीत पूर्वी तिपाईचे लाकडी पाय थेट अडकायचे, ते गेलेले, तर सुतारानं प्लायचा गोल बसवला आणि त्यात ३/८ इंची नट, माझा नेहमीचा ट्रायपॉड बसला. सुतार लाकूड हुंगून म्हणाला सागवानच आहे, आलापल्लीचं असतं तर अजून जड असतं. त्याला आलापल्लीशिवाय दुसरं सागवान पटतच नाही.

फिल्मचं म्हणाल तर या मापाची शीट फिल्म आपल्याकडं सहज मिळत नाही. मी एक्स-रे फिल्म वापरतो, अमरावतीच्या मेडिकल सामानाच्या दुकानातून ८ बाय १० ची. एका शीटमधून दोन हाफ प्लेट निघतात. ग्रीन सेन्सिटिव्ह फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून मंद लाल बल्बमध्ये निवांत कापता येते, डेव्हलप होताना बघता पण येते. त्रास एकच, दोन्ही बाजूंना इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं आणि ओलं असताना नखानंसुद्धा ओरखडा पडतो, तर ट्रेच्या तळाला काच ठेवून एका वेळी एकच शीट. फिल्म पातळ, स्लाइडमध्ये नुसती टाकली तर वाकते, म्हणून त्याच मापाच्या काचेवर कडेनं चिकटवून भरतो.

ही फिल्म मी ८० आयएसओ (उजेड टिपायचा वेग) धरतो. आपल्या उन्हात लेन्सचं भोक एफ ३२ इतकं बारीक केलं तरी सेकंदाचा विसावा भाग लागतो, तेवढ्यात हातानं टोपी काढून लावणं शक्य नाही. म्हणून मोतीबागला सूर्य इमारतीवर यायच्या आधी गेलो, दोन सेकंद मोजले, लेन्सची पाटी वर घेतली. पहिली निगेटिव्ह ५-६ मधली, एका कडेनं धुकं आलं, सांध्यावर कापड बदलायचं राहिलं होतं ते. १-२ मधल्या दोन्ही छान आल्या, कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेल्या त्याच मापाच्या फोटोत) भिंतीच्या विटा मोजता येतात आणि भिंती सरळ आहेत.

आता मूर्तिजापूर करायचंय. दुकानदार म्हणतो दवाखाने सगळे डिजिटल झाले, ही फिल्म मागवणं त्याला परवडत नाही, म्हणून दोन डबे आत्ताच सांगून ठेवले, कापसाचा चुकारा आला की पैसे देतो म्हटलं.