गाळाने बुजलेली गळती

‘गाडी गरम होते’ ही तक्रार गॅरेजमध्ये नित्याची असते आणि बहुतेक वेळा पंख्याचा पट्टा, रेडिएटरचे झाकण किंवा चिरलेला होज पाइप बदलला की ती मिटते. तासगावजवळचे द्राक्ष बागायतदार आप्पा यांच्या जुन्या डिझेल जीपचे प्रकरण मात्र तसे नव्हते. मळ्यातून रस्त्यावर येणाऱ्या चढालाच पाणी उकळत असल्याने जीप गॅरेजपर्यंत आणणे शक्य नव्हते, म्हणून हत्यारे घेऊन मीच त्यांच्या अंगणात गेलो.

इंजिन रात्रभर थंड झाले होते, त्यामुळे झाकण उघडण्यात धोका नव्हता. रेडिएटरचा ड्रेन कॉक गंजून घट्ट बसला होता, म्हणून खालचा होज सोडला. घमेल्यात आले ते विटकरी रंगाचे पाणी. आप्पा वर्षानुवर्षे बोअरचेच पाणी ओतत आले होते. त्यातले क्षार तापल्यावर नळ्यांच्या आत थर धरतात आणि गंजरोधक नसल्याने इंजिनचा लोखंडी ब्लॉक आतून झिजत जातो. वरचे हाउसिंग उघडले, तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, जागेवर नव्हताच. इंजिन थंड राहील या समजुतीने तो पूर्वीच कोणीतरी काढून टाकला होता. ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो, सपाट रस्त्यावर इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही आणि डिझेल विनाकारण जळते.

पाणी सोडण्यापूर्वीच मी म्हणालो, “आप्पा, आत इतका गाळ आहे की एखादे भोक असले तर तेही बुजलेले असणार. धुतल्यावर गळायला लागले तर नवल वाटून घेऊ नका.”

“मिस्त्री, गळायचेच असेल तर इथे अंगणात गळू दे,” ते म्हणाले, आणि त्यांचे बरोबरच होते.

पाणी नेहमी ज्या वाटेने फिरते तिच्या उलट दिशेने सोडले, तर साचलेला थर लवकर सुटतो. म्हणून रेडिएटरला खालून आणि ब्लॉकला वरच्या तोंडाने नळी लावली. आधी काळा चिखल, मग गंजाचे पापुद्रे, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी आले. तेवढ्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या, खाली थेंब दिसले. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली पत्र्याची वाटी, म्हणजे वेल्च प्लग, आतून कुरतडल्यासारखी झाली होती. इतके दिवस तिला गंजानेच तोलून धरले होते. हीच वाटी एखाद्या रात्री भर रस्त्यात निघाली असती, तर पाणी संपून इंजिनचे हेड, म्हणजे ब्लॉकवरचे झाकण, तापून वाकले असते. जुना प्लग एका कडेने आत ठोकून आडवा केला आणि पकडीने ओढून काढला. खोबण पॉलिश पेपरने साफ करून, सीलंट लावून नवा बसवला. मॅनिफोल्ड सोडण्यातच अर्धी दुपार गेली.

नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यात पाणी तापवून पाहिला. त्यावर ८२ अंशांचा शिक्का होता आणि त्याच सुमारास तो उघडू लागला. पुढचा टप्पा भरण्याचा. ब्लॉकमध्ये धुतलेले पाणी काही प्रमाणात राहतेच, त्यामुळे तयार मिश्रण ओतले तर ते पातळ होते. म्हणून शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळबळून घेतले, मग एकूण क्षमतेच्या निम्मे निव्वळ कूलंट आधी ओतले आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उणे ३७ अंशांपर्यंत गोठण नसते, पण तासगावात त्याचा काय उपयोग? इथे ते ओतायचे ते गंज रोखण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वर नेण्यासाठी. सांडलेले मात्र लगेच धुवून टाकले. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि आप्पांचे कुत्रे आमच्या पायातच घोटाळत होते.

जीपचे तोंड चढावर ठेवून, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि वरचा होज दाबत राहिलो. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली गेली, बुडबुडे आले आणि थांबले. ते थांबले नसते, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय असे समजून हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगकडे, वळावे लागले असते. झाकण लावून भरलेल्या ट्रॉलीसह तोच चढ चढवला. काटा मधोमध राहिला.

परत आल्यावर आप्पांनी पैसे मोजण्याआधी शेडमधल्या ट्रॅक्टरचे झाकण उघडायला लावले. त्यातही बोअरचेच पाणी होते.