उशीखालचा फोन

आज ताईकडे गेले होते. भाची नववीत. तीन आठवडे झाले, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. सोनोग्राफीसुद्धा झाली, काही निघालं नाही. ताई म्हणाली, "अगं, अभ्यास नको म्हणून नाटकं."

मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले. फोन उशीखाली होता. तो थरथरला की पोरगी खांदे आक्रसून घ्यायची. तासाभराने तिनेच तो माझ्या हातात दिला. गॅदरिंगमधल्या तिच्या फोटोचं वर्गाच्या ग्रुपवर स्टिकर केलंय, पुढे आलेल्या दातांवरून. खाली १४० मेसेज. हसणाऱ्यांत रोज डबा वाटून खाणारी मैत्रीणही.

आम्हालाही चिडवायचे, पण ते शाळेच्या फाटकापाशी थांबायचं. हे रात्री अंथरुणात येतं. आणि या वयातलं नैराश्य दरवेळी रडून दिसत नाही हो, चिडचिड आणि पोटदुखी होऊनही येतं.

तिला विचारूनच ताईला सांगितलं. ताई काही बोलली नाही, तिचे केस विंचरत बसली. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, उद्या वर्गशिक्षिकांना भेटणार. मग तिच्यासोबत टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुलांसाठी १०९८ सुद्धा आहे. दोन्ही नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

निघताना तिने विचारलं, "मावशी, माझे दात खरंच तसे दिसतात का गं?"

उद्या शाळेत मीही जातेय सोबत.