आज लीदोंग, आणि रेडिएटर गार

7 नोव्हेंबर, बीजिंग

सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आयी भेटल्या. (मावशीच्या वयाच्या बाईला इथे ‘आयी’ म्हणतात. हाक मारताना अजून जीभ अडखळते.) “आज लीदोंग! ज्याओझ खा, नाहीतर कान गळून पडतील,” असं बजावून गेल्या. (ज्याओझ म्हणजे सारण भरलेले डम्पलिंग.)

लीदोंग म्हणजे हिवाळा उभा राहिला. कानांचं ठीक आहे, माझी पावलं बर्फ झालीत. शहराचं हीटिंग सुरू होणार 15 तारखेला, तोवर घरापेक्षा अंगणातलं ऊन बरं. जॅकेट घालून पोहे परतले.

चिनी पंचांगात सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे 15-15 अंशांचे चोवीस तुकडे, त्यातलाच लीदोंग हा एक. गावाकडे आजोबा “मृग लागला”, “हत्ती लागला” म्हणायचे, तोही सूर्याचाच हिशेब, फक्त सत्तावीस नक्षत्रांचा. आपली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली, म्हणून ऋतूंपासून हळूहळू सरकतात. यांचं माप संपातापासून (दिवस-रात्र सारखे होतात तो बिंदू), म्हणून जागचं हलत नाही. याआधीचं श्वांगज्यांग, म्हणजे दहिवर गोठून पांढरं पडण्याचे दिवस, 23 ऑक्टोबरला लागलं. आपल्या राष्ट्रीय सौर कार्तिकाची 1 तारीखही तीच. पण ते कॅलेंडर आकाशवाणी आणि सरकारी राजपत्राखेरीज कोण बघतं! इथे मात्र भाजीवालीलाही आज काय आहे ते ठाऊक असतं.

मला खरी गंमत वाटते ती पोटविभागांची. दर तुकड्याचे पाच-पाच दिवसांचे तीन भाग, वर्षाचे बहात्तर, आणि प्रत्येकाला एक निरीक्षण. श्वांगज्यांगात कोळसून आपली शिकार नैवेद्यासारखी मांडून ठेवतो. लीदोंगात आधी पाणी गोठू लागतं, मग जमीन, आणि शेवटी फेझंट पक्षी पाण्यात शिरून मोठाले शिंपले होतात! पक्षी दिसेनासे होतात आणि त्यांच्या पिसांसारखी नक्षी असलेले शिंपले काठावर सापडतात, त्यावरून म्हणे कुणीतरी हा निष्कर्ष काढला. कोकणातल्या माणसाला तिसऱ्यांची ही वंशावळ पचणं कठीण आहे. मी तरी यापुढे सुक्कं खाताना जरा विचार करीन.

हे सगळं पीत नदीच्या खोऱ्यातलं निरीक्षण. ग्वांगझौमधला मित्र आज अर्ध्या बाह्यांत फिरतोय. लीदोंग त्यालाही लागू.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात अंडं आणि चायनीज पातीचे ज्याओझ खाल्ले, काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून. वीस मागवले, बारा पुरे झाले असते. वाटेत एका जुन्या गल्लीत झाडाला पान नाही आणि पर्सिमन मात्र लटकलेले, नारिंगी. आपल्या टेंभुर्णीचंच हे भावंड. श्वांगज्यांगला आयींनी चार दिले होते, “खिडकीत ठेव, घाई करू नकोस” म्हणून. घाई केली होती; जीभ तासभर आखडली.

आत्ता उरलेले तीन दाबून पाहिले. एक मऊ झालाय. रेडिएटरला हात लावला, तो गारच.