जवळ येऊ नका, चावते

चहाच्या टपरीसमोर लिंबाच्या सावलीत एक मारवाडी घोडी उभी होती. कान असे वळलेले की टोकाला टोक टेकावं. लगाम धरून मालक शेजारी उभा. गॉगल, पांढरी पँट, पायात बूट, अंगावर उन्हाळ्यातही जाकीट. मी नुसतं त्या दिशेला पाहिलं, तेवढ्यात तो म्हणाला, "जवळ येऊ नका, चावते. परवा एकाचा शर्ट फाडलाय."

घोडी झोपली होती. मागचा एक पाय सैल सोडून खुराचं टोक फक्त जमिनीला टेकवलेलं, खालचा ओठ लोंबतोय, कान बाजूला पडलेत, गोमाशी बसली की पाठीचं कातडं तेवढं थरथरतंय. माणसाला चावायच्या बेतात असलेलं जनावर इतक्या निवांतपणे उभं राहत नाही. पण मालकाचं वर्णन चालूच होतं. घरात कुणाला हात लावू देत नाही. बापाला पाडलंय. नालबंद यायला तयार नाही. "फक्त माझं ऐकते." हे शेवटचं वाक्य त्याने जरा हळू आवाजात, पण सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

मग कुणीतरी मोबाईल वर धरला. त्यासरशी याने लगामाला हिसडा दिला आणि छडी तिच्या छातीला लावली. घोडी दचकून जागी झाली, डोळ्यांतला पांढरा भाग दिसला, आणि ती अर्धीमुर्धी झाड झाली, म्हणजे मागच्या पायांवर उठली. बाकड्यावरचे दोघे चहा सांडून मागे सरकले. "बघा! म्हणलं नव्हतं?" मालकाच्या चेहऱ्यावर पोरगं बोर्डात आल्याचा आनंद. टपरीवाल्याने मान वर करूनही पाहिलं नाही. त्याच्याकडे हा खेळ रोजचा असावा.

मला अशा लोकांची एक विचित्र चीड आहे. म्हणजे घोडा उधळला तर मी समजू शकतो. भित्रं जनावर आहे, पळून जीव वाचवणं एवढंच त्याला हजारो पिढ्यांनी शिकवलंय. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं नाही. तिथून कुणी अचानक आलं तर ते लाथ झाडणारच. पण त्या भीतीची बढाई मारणारा, आणि बढाई खरी ठरावी म्हणून भीती जागी ठेवणारा माणूस मला सहन होत नाही. "आमचं कार्टं फार द्वाड हो, कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकत नाही" असं सांगताना ज्यांचा चेहरा फुलतो, त्या आईबापांच्या जातीतलेच हे.

गंमत म्हणजे ज्यांचं पोट घोड्यावर आहे ते नेमके उलटे. माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरा. पुढे मोटार जात नाही, तेव्हा घोडेवाले येणारच. "एकदम गरीब आहे, ताई. बाळाला बसवा, काही करत नाही." तेवढ्यात तो गरीब घोडा शेजारच्या घोड्यावर दुगाण्या झाडतो. घोडेवाला शांतपणे म्हणतो, "खेळतायत." तांबड्या मातीच्या चढणीवर घोडा मधेच अडून बसला तरी तो "फोटो काढून घ्या, इथून दरी छान दिसते" म्हणेल, पण अडला म्हणून कबूल करणार नाही. गिऱ्हाईक घाबरलं तर घोड्याचा संध्याकाळचा खुराक, चंदी, कुठून आणायची? ज्याला घोडा दारात उभा करून मिरवायचाय, त्याचाच घोडा तेवढा डेंजर असतो.

सारंगखेड्याच्या बाजारात या दोन्ही जाती एकाच वेळी बघायला मिळतात. दत्तजयंतीची यात्रा, तापीचा काठ, थंडी, आणि नजर जाईल तिथवर घोडे. विकणारा सकाळी घोड्याला नाचवतो, मागच्या पायांवर उभा करतो, "पाणी बघा, पाणी" म्हणतो. घेणारा दात बघतो, अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, पायांवरून हात फिरवतो आणि विचारतो, "स्वभावाला कसा?" लगेच विकणाऱ्याचा सूर उतरतो. "लेकरू आहे लेकरू. पोटाखालून जा." सौदा झाला, घोडा नव्या मालकाच्या दारात बांधला गेला, की आठवड्याच्या आत तेच लेकरू पुन्हा कुणाला जवळ येऊ देईनासं होतं.

या सगळ्याचं मूळ मला अलेक्झांडरात दिसतं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली ती गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते: १३ टॅलेंट किंमत सांगितलेला बुकेफालस, कुणाला पाठीवर बसू देईना, राजा फिलिप म्हणाला घेऊन जा हे खुळं जनावर, आणि पोराच्या लक्षात आलं की घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतोय. त्याने त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, झालं. आता ही गोष्ट ऐकून घोड्याचं तोंड उन्हाकडे वळवावं असं कुणाच्या मनात येत नाही. अलेक्झांडर मात्र प्रत्येकाला व्हायचंय. त्यासाठी आधी घोडा बिथरलेला हवा. नसेल तर बिथरवायचा.

आमच्या आजोळी स्टेशनपासून गावापर्यंत टांगा लागायचा. टांगेवाल्याला सगळे चाचा म्हणत. घोडा बुटका, कुमेत रंगाचा, नाव राजा. वाटेत भजीचं एक हॉटेल होतं, तिथे राजा अडायचा. काहीही करा, पाऊल हलायचं नाही. चाचा चाबूक हवेत वाजवायचे, एकदोन शिव्या हासडायचे आणि आम्हा पोरांकडे वळून म्हणायचे, "अडेलतट्टू आहे. लाट साहेब जरी टांग्यात बसला तरी हा इथं थांबणार." मग नाइलाज म्हणून उतरायचे. नाइलाज म्हणून चहा प्यायचे. कढईतून भजी निघाली की नाइलाज म्हणून एक प्लेट घ्यायचे. निघताना खिशातून कागदाची पुडी काढून राजापुढे गुळाचा खडा धरायचे. काळपट गूळ, त्याला कागद चिकटलेला. राजा ओठांनी तो अलगद उचलायचा, कागद बाजूला टाकायचा आणि डोकं चाचांच्या खांद्याला घासून चालू लागायचा. आम्हाला वाटायचं, काय जबरदस्त घोडा आहे.

एका सुट्टीत चाचा आजारी होते आणि टांग्यावर त्यांचा मुलगा होता. भजीचं हॉटेल जवळ आलं तसे आम्ही सरसावून बसलो. राजा दुडक्या चालीने हॉटेलावरून सरळ पुढे निघून गेला. आई पदराआड हसायला लागली. तिला म्हणे पहिल्यापासून माहीत होतं. वळणाच्या अलीकडेच चाचांच्या हातातला लगाम ढिला पडायचा. त्यांना तो पडतोय हे कळत होतं की नाही, देव जाणे.

कळत नसेलही. बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. गणित सोडवून खुराने उत्तर वाजवायचा. १९०४ साली चौकशी समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढलं की उत्तराचा आकडा आला की समोरच्या माणसाच्या मानेला, भुवईला नकळत किंचित हालचाल होते आणि घोडा ती टिपून थांबतो. उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर घोडाही नापास. भुवई टिपणाऱ्या जनावराला दोन्ही हातांनी आवळलेला लगाम कळत नसेल? "आता हा बुजणार" म्हणून मालक मूठ घट्ट करतो, आणि काहीतरी बुजण्यासारखं आहे हे घोड्याला तिथून समजतं.

वारीतलं रिंगण पाहताना हे नेहमी मनात येतं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले दोन अश्व, एकावर स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही, कारण तो माउलींचा. चांदोबाच्या लिंबाला टाळमृदंगाच्या त्या कल्लोळात तो माणसांच्या दोन भिंतींमधून दौडत जातो, आणि दौड संपायच्या आत लोक टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. "जवळ येऊ नका" असं कुणी म्हणत नाही. त्याची बढाई मारायला पाठीवर कुणी नाही, एवढंच.

बाकी कायदे आहेत. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ साली केलेल्या नियमांत काटेरी लगामाला स्पष्ट बंदी आहे. तरीही ज्याच्या नावावर खोड चिकटली, त्याच्या तोंडात कधी ना कधी तो जातोच. नवा मालक पहिल्या दिवशीच काठी घेऊन समोर येतो, कारण त्याला आधीच सांगितलेलं असतं.

चाचांना हे माहीत असावं. रिक्षा आल्या, टांगा बंद पडला, राजा विकायला काढला. गिऱ्हाईक आलं तेव्हा मामा तिथेच होता. चाचा त्या माणसाला सांगत होते, "गरीब आहे. कुठं म्हणजे कुठं अडत नाही." माणूस वीटभट्टीवाला होता. त्याने मान डोलावली आणि पैसे मोजले.